तिसऱ्या शिफ्टची थाळी

कंपनीच्या वार्षिक तपासणीचं कार्ड कुठेही गेलात तरी साधारण सारखंच असतं. नाव, टोकन नंबर, खातं, उंची, वजन, रक्तदाब, डोळे, कान, छाती. समजा, पाच फूट सहा इंच उंची आणि त्रेसष्ट किलो वजन. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की येणारा आकडा, म्हणजे बीएमआय, बावीसच्या थोडा पुढे. शेरा पडतो ‘फिट’ आणि रांगेतला पुढचा माणूस वजनकाट्यावर चढतो. कंबर मोजायला त्या रांगेत कुणाला सवड नसते. अनेक कार्डांवर तिच्यासाठी रकानाच नसतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात लाखो माणसांच्या तब्येतीचा निकाल याच कार्डावर लागतो. म्हणून हा लेख त्या नसलेल्या रकान्यापासून सुरू करतो.

बीएमआय २२.३ हा आकडा वैद्यकशास्त्रात एका वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटा मजकूर आला आणि सोबत दोन डॉक्टरांचा फोटो होता. एक पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय दशांशापर्यंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोन्ही माणसं सारखीच सडपातळ. भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही ती पोटात, यकृताच्या आसपास जमा होणारी. ही पोटातली चरबी इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या मर्यादा जगापेक्षा कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, त्यापुढे धोका.

याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध नुसत्या फोटोवर सोडला नव्हता. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने हे काम जगभर ओळखलं जातं. या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळं जन्माला आली ती सरासरी २.७ किलोची, तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन ३.५ किलो. पुण्याची बाळं सगळ्याच मापांनी लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवर कातडीखाली असलेली चरबी तेवढी बरीचशी टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार असं हे बाळ. पुढे ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. सरासरी बीएमआय विसाच्याही खाली, म्हणजे अंगाने बारीकच. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

हे आकडे मला हलवून सोडतात, कारण ती पिढी आज तिशीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या अशाच खेड्यांतून आलेली, अशाच आयांच्या पोटी जन्मलेली मुलं आज चाकण, महाळुंगे, निघोजे, तळवडे, भोसरी इथल्या कारखान्यांत लाइनवर उभी आहेत. नव्या कामगार संहितांमध्ये चाळिशीनंतरच्या कामगाराची दरवर्षी मोफत तपासणी सांगितली आहे. तरतूद चांगली आहे. पण ज्या शरीरात अठराव्या वर्षीच साखर हलायला लागलेली असते, त्याच्यासाठी चाळिशी फार उशिराची आहे.

याच सहा गावांतून आलेली आणखी एक गोष्ट जेवणाच्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की आई एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिनं खाते, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी. मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, माठ या भाज्यांना एवढं मोठं प्रशस्तिपत्र आपल्याच जिल्ह्यातून मिळालेलं आहे आणि कारखान्याच्या पट्ट्यात नेमक्या याच भाज्या ताटातून आधी जातात. निवडायला वेळ लागतो, चार दिवस टिकत नाहीत, आणि शंभर माणसांसाठी जुड्या निवडणं मेसवाल्याला परवडत नाही.

हा पट्टा उभा राहिला तो टप्प्याटप्प्याने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ साली एमआयडीसीची स्थापना, साठच्या दशकात टेल्को आणि आकुर्डीला बजाज, १९८२ साली महानगरपालिका. चाकणचा कांद्याचा बाजार आधीपासून नावाजलेला. तिथे बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगन २००९ मध्ये. पहिल्या पिढीचे कामगार गावाकडून आले तेव्हा फाउंड्री, प्रेस शॉप, हाताने उचलायचं काम होतं. भाकरी पचायची ती तिथेच. आज वेल्डिंग रोबो करतो, रंग रोबो देतो, माल ट्रॉलीवरून येतो. माणूस आठ तास उभा असतो. पाय दुखतात, पाठ धरते, घरी पोचेपर्यंत जीव जातो. त्यामुळे अंगमेहनत झाली असंच वाटतं. थकवा खरा आहे, पण एका जागी उभं राहून ऊर्जा फार खर्च होत नाही. आणि भूक मात्र थकव्याच्या हिशोबाने लागते.

कारखान्यात येण्याने शरीराचं काय होतं, याचा उत्तम पुरावा भारतातच आहे. नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतले कामगार आणि गावात राहिलेली त्यांचीच सख्खी भावंडं यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडं निवडल्यामुळे घराणं आणि बालपण बरंचसं सारखं होतं. गावातल्या पुरुषांत लठ्ठपणा १९ टक्के, गावातून कारखान्यात आलेल्यांत ३७.८ टक्के. मधुमेह गावात ६.२ टक्के, स्थलांतर केलेल्यांत १४.३ टक्के, आणि मूळच्या शहरी कामगारांत १३.५. एकाच आईची मुलं, फरक फक्त कुठे राहतात याचा. ‘कंट्रोल नाही’ म्हणून माणसाला दोष देणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

*

आता ताटाकडे येऊ. या पट्ट्यात एका कामगाराची साधारण तीन ताटं असतात: कँटीनचं, मेसचं आणि टपरीचं.

कायम कामगारांचं कँटीन मोठ्या कंपन्यांत स्वच्छ असतं, दर नाममात्र असतो. भात हवा तेवढा, चपात्या मोजून किंवा न मोजता, एक रसभाजी, एक सुकी, वरण, कधी पापड, आठवड्यात एकदा गोड. नीट पाहिलं तर ताटाचा निम्म्याहून अधिक भाग भात-चपातीचा, भाजीत बटाटा, आणि वरण पातळ. मेसचा डबाही तसाच, फक्त त्यात तेलाचा तवंग जास्त, कारण तवंगाने भाजी चमचमीत दिसते आणि गिऱ्हाईक टिकतं. चाकणच्या नाणेकरवाडीत किंवा मेदनकरवाडीत एका खोलीत चार-पाच जण राहतात. शिफ्ट वेगवेगळ्या, गॅस एक, झोपणारा कुणीतरी कायम असतो. ‘रूमवर करून खा’ हा सल्ला देणाऱ्याने ती खोली पाहिलेली नसते.

टपरी ही या पट्ट्याची खरी न्याहारी. वडापाव, समोसा, पोहे, क्रीमरोल, खारी आणि चहा. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी आणलेला दाल पकवान तर आता या गावाचा स्वतःचा पदार्थ झाला आहे आणि तो मला मनापासून आवडतो. रविवारी खायची ही चीज आहे. अडचण रविवारची नाही, सोमवार ते शनिवारची आहे.

चहाचाच हिशोब मांडून पाहू. कपात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. शिफ्टमध्ये दोन चहा, गेटबाहेर जाता-येता दोन, खोलीवर दोन. सहा कपांत साठ ग्रॅम साखर झाली, आणि दिवसाची सुचवलेली मर्यादा सुमारे पंचवीस ग्रॅमची आहे. आता प्रत्येक कपात एकच चमचा कमी केला तर दिवसाला तीस ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी कमी होतात. अमेरिकेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं गणित असं आहे: रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला की वजनात अखेरीस एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळा तीन वर्षांत. त्या हिशोबाने सहा चमचे साखर म्हणजे तीन वर्षांत सुमारे पाच किलो, ती भूक दुसऱ्या कशाने भरून काढली नाही तर. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’च्या जाहिराती कमानींवर आणि विजेच्या खांबांवर लटकत असतात. शरीर तसं चालत नाही. ते हळू वाढतं, हळूच उतरतं.

*

खाण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कधी खातो. दर आठवड्याला शिफ्ट फिरते: फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्डला मध्यरात्रीनंतर कँटीनमध्ये पूर्ण थाळी लागते, दिवसाच्या जेवणासारखीच. आपल्या शरीरात साखर हाताळण्याची यंत्रणा दिवसा चोख असते आणि रात्री मंदावते. बोस्टनच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीस निरोगी तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं ठेवलं. ज्यांनी रात्री जेवण केलं त्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना तेच अन्न फक्त दिवसा दिलं त्यांची वाढली नाही. माणसं थोडी होती, दिवसही थोडे, त्यामुळे याचा नियम करता येणार नाही. पण रात्रपाळीच्या कामगारांना मधुमेहाचा धोका जास्त असतो हे मोठ्या पाहण्यांतूनही दिसलेलं आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

थर्डवाल्याने रात्रभर उपाशी राहावं असं मी म्हणणार नाही. मशीनवर हात असताना चक्कर येणं जिवावर बेतू शकतं. पण मुख्य जेवण कामावर निघण्याआधी, संध्याकाळी सातच्या सुमारास करता येतं. मध्यरात्री थाळीच्या जागी ताक, उकडलेली अंडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, फुटाणे, एखादं फळ एवढं ठेवता येतं. सकाळी सुटल्यावर वडापाव खाऊन झोपण्याऐवजी हलकं खाऊन झोपता येतं. यातलं पहिलं आणि तिसरं कामगाराच्या हातात आहे. दुसरं नाही. मध्यरात्रीच्या कँटीनमध्ये जे शिजेल तेच तो खाणार.

झोपेचीही तीच गोष्ट. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावरची कोंडी ज्याने अनुभवली आहे त्याला सांगायला नको. शिफ्ट साडेआठ तासांची, पण कंपनीच्या बसमधले तास त्यात धरलेले नसतात, आणि ते कापले जातात झोपेतून. २००४ मधल्या एका प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. टपरीवरची क्रीमरोलची बरणी त्या वेळी का दिसते याचं हे उत्तर आहे. आहाराच्या सल्ल्यात रस्ता येत नाही, पण या पट्ट्यात तो यायला हवा.

गेल्या काही वर्षांत इथल्या कामगार वसाहतींत आहाराची चर्चा घरोघरी पोचली ती दोन नावांमुळे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली पद्धत महाराष्ट्रभर नेली: दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत आल्या की घरचं, स्थानिक, आजी खायची ते खा, थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली. मला दोघांचंही ऋण वाटतं, कारण त्यांनी मराठी माणसाला मराठीत स्वतःच्या ताटाकडे पाहायला लावलं. दोन वेळा खाणाऱ्याचा मधला गोड चहा आणि बिस्किटं आपोआप सुटतात, हा मोठा फायदा. स्थानिक खाणाऱ्याच्या ताटात भाकरी आणि पालेभाजी परत येते, हाही मोठा. मात्र दोन्ही पद्धती ठरावीक वेळेच्या दिवसावर उभ्या आहेत आणि इथला दिवस आठवड्याला बदलतो. शिवाय ज्याची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. साखर एकदम उतरली तर ते जीवघेणं ठरतं. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आपल्याकडे आली आहेत. ती काम करतात, पण एका मोठ्या चाचणीत ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाचं ताट मांडून दाखवलं आहे. दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दाणे-बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. भाजी धान्याहून जास्त, हे वाचून कँटीनच्या ताटाकडे पाहावं. अंडी, दूध, मासे यांचं इथे आणखी एक कारण आहे. पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं होतं. शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक नेमाने हवं, आणि तपासणीत बी-१२ ची विचारणा करावी.

वजनाचा काटा हलला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी चेन्नईचं एक काम फार मोलाचं आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी नोकरदार वर्गातल्या, साखर वाढू लागलेल्या ५३१ जणांवर जीवनशैली बदलाचा प्रयोग केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. चालणं वाढवलं, साखर-तेल-मैदा कमी केला. मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि हे घडलं वजनात फारशी घट न होता. म्हणून पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं की टेप घ्या. उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध. महिन्यातून एकदा, तारीख टाकून.

बायांबद्दल वेगळं लिहायला हवं. वायरिंग हार्नेस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत त्या मोठ्या संख्येने आहेत. पहिल्या शिफ्टला निघणारी बाई पहाटे चारला उठून घरच्यांचे डबे भरते आणि स्वतः चहावर निघते. संध्याकाळी सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भात-चपातीवर तिचं जेवण होतं. भाजी तोवर संपलेली असते. ज्या घरात डबा भरायला एकापेक्षा जास्त हात लागतात त्या घरातल्या बाईची कंबर वेगळी असते, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

*

आता हे बदलणार कुणी? कारखाना कायदा १९४८ च्या कलम ४६ नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन बंधनकारक करता येत होतं, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही मर्यादा शंभरवर आणली, आणि त्या शंभरात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. चाकणसारख्या ठिकाणी हा फरक मोठा आहे, कारण इथल्या शॉप फ्लोअरवर कंत्राटी आणि ट्रेनी मुलांची गर्दी असते. भोसरी-तळवड्यातली कित्येक छोटी युनिटं मात्र शंभरच्या खालीच राहतात. तिथे दोन-चार युनिटांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवणं हाच मार्ग दिसतो.

भारतातल्या मोठ्या कारखान्यांत कामाच्या जागीच आरोग्याचा कार्यक्रम राबवून पाहिला गेला आहे. २००९ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत, जिथे कार्यक्रम झाला तिथे कामगारांची कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल खाली आलं. जिथे झाला नाही तिथे वर गेलं. म्हणजे कारखान्याने मनावर घेतलं तर जमतं.

कँटीन समितीत बहुतेक वेळा चर्चा होते ती दराची आणि गोडाच्या दिवसाची. तिथे तेल विचारावं. एका थाळीमागे दहा ग्रॅम तेल पुरेसं आहे. हजार थाळ्यांना दहा किलो, म्हणजे पंधरा किलोचा डबा दीड दिवस चालायला हवा. रोज दोन डबे लागत असतील तर थाळीमागे तीस ग्रॅम होतात, आणि माणसाचा अख्ख्या दिवसाचा कोटा सत्तावीसचा आहे. त्यानंतर रात्रीच्या थाळीची वेळ आणि पदार्थ, मग आठवड्यातून तीनदा पालेभाजी, मग वरण किती घट्ट. डबे किती फुटले हे स्टोअरच्या वहीत रोज लिहिलेलं असतं, आणि समितीतल्या कामगार प्रतिनिधीला ती वही मागता येते.